व्याज आधी दाखवा, मग हवे तेवढे भांडा

पूर्वपक्ष आधी त्याच्याच तोंडून ऐकू. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला जीन्सवाला असो, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा असो, की बदलापूरच्या खरवईतला रसायनवाला असो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे रिटर्न भरण्याची ३१ ऑक्टोबरची मुदत जवळ आली की तिघांचा सूर एकच लागतो. "साहेब, आमचा धंदा माल बनवून विकण्याचा, व्याज खाण्याचा नाही. बँकेने गॅरंटीसाठी एफडी ठेवायला लावली म्हणून ठेवली. तिला हात लावता येत नाही. व्याज मुदत संपल्याशिवाय हातात येणार नाही. वर बँकेने टीडीएस आधीच कापून घेतलाय. आणि सीसीच्या (कॅश क्रेडिटच्या) कर्जावर आम्ही जे व्याज मोजतो त्यापुढे हे म्हणजे दर्यात खसखस. हे उत्पन्न म्हणून कशाला दाखवायचे?"

हा युक्तिवाद वेडगळ नाही. त्यातली निम्मी वाक्ये खरी आहेत, म्हणूनच तो इतका पटतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. बँकेचे व्याज पूर्ण रकमेने, कापलेल्या करासकट, ज्या वर्षी चढले त्याच वर्षी कंपनीच्या रिटर्नमध्ये दाखवलेच पाहिजे. ते कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचे, हा प्रश्न खरोखर वादाचा आहे आणि तिथे लहान कंपनीने हिरिरीने भांडायला हवे. आपल्याकडे नेमके उलटे होते. जिथे वादाला जागा नाही तिथे हुज्जत घातली जाते आणि जिथे आहे तिथे सगळे गुपचूप मान डोलावतात.

"पैसा हातात आला नाही" या मुद्द्यापासून सुरुवात करू. एकट्याच्या मालकीचा धंदा असतो तेव्हा माणसाला हिशेबाची पद्धत निवडता येते. पैसे आले तेव्हा धरायचे, की हक्क निर्माण झाला तेव्हा. वडिलांची पेढी मोडून प्रायव्हेट लिमिटेड केली त्या दिवशी ही मुभा संपली. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १२८ सांगते की कंपनीची वहीखाती उपार्जित पद्धतीनेच ठेवायची. तीन वर्षांची एकरकमी एफडी १ ऑक्टोबरला केली, तर ३१ मार्चला सहा महिन्यांचे व्याज चढलेले असते. ते त्या वर्षीचे उत्पन्न आहे. एफडीवर बँकेचा लिएन, म्हणजे ताबाहक्क, आहे, हे खरे. पण लिएनमुळे पैसे काढता येत नाहीत, व्याज चढायचे थांबत नाही. आणि त्यावर हक्क कंपनीचाच असतो.

यात कंपनीचेच हित आहे. मुदतीच्या शेवटी तिन्ही वर्षांचे व्याज एकदम दाखवले, तर आधीच्या आर्थिक वर्षांत बँकेने कापलेल्या टीडीएसचे काय? आयकर नियम ३७बीए म्हणतो की ज्या वर्षी उत्पन्न आकारणीस येते त्याच वर्षी कापलेल्या कराचे श्रेय मिळते. बँक तर दर मार्चअखेर चढलेल्या व्याजावर कर कापून कंपनीच्या पॅनवर भरून मोकळी होते. म्हणजे कापलेला कर दाखवणाऱ्या २६एएस विवरणात टीडीएस एका वर्षी आणि रिटर्नमध्ये उत्पन्न तिसऱ्याच वर्षी. ही गाठ सोडवायला पुढे जी पत्रापत्री करावी लागते, तिचा खर्च वाचवलेल्या कराहून जास्त निघतो.

दुसरा मुद्दा: "टीडीएस कापलाय, म्हणजे कर भरला." हे गणित पाटीवरच मांडू. कंपनीची २० लाखांची एफडी आहे, दर ७ टक्के. वर्षाचे व्याज १,४०,०००. बँक १० टक्क्यांनी १४,००० कापते. कंपनीने कलम ११५बीएएचा २२ टक्क्यांचा दर निवडला असेल, तर अधिभार आणि उपकर धरून प्रत्यक्ष दर २५.१६८ टक्के पडतो. १,४०,००० वर कर होतो ३५,२३५. भरला १४,०००. उरले २१,२३५. टीडीएस हा कराचा आगाऊ हप्ता आहे. तो भरला म्हणून कर्ज फिटले असे होत नाही.

इथेच एक बारीक चूक घडते आणि ती मालकाच्या नजरेतून सुटते. बँकेच्या स्टेटमेंटवर १,२६,००० जमा दिसतात. अकाउंटंट टॅलीत तेवढीच एंट्री टाकतो: बँक नावे, व्याज जमा, १,२६,०००. कापलेले १४,००० कुठेच येत नाहीत. कलम १९८ नुसार कापलेला करही कंपनीला मिळालेले उत्पन्नच मानला जातो. १,४०,००० व्याज, १४,००० टीडीएस येणे, १,२६,००० बँक. एंट्री या तीन पायांवर उभी राहिली पाहिजे. नाहीतर कंपनी रिटर्नमध्ये १४,००० चे श्रेय मागते आणि त्याच १४,००० चे उत्पन्न दाखवत नाही.

याच पंगतीत बसणारे आणखी तीन गैरसमज आहेत. व्याज पन्नास हजारांच्या आत असले की टीडीएस कापला जात नाही, म्हणून ते करमुक्त, असे सर्रास ऐकू येते. १ एप्रिल २०२५ पासून चाळीस हजारांची मर्यादा पन्नास हजारांवर नेली, ती फक्त बँकेने कर कापण्याची. उत्पन्न करपात्र असण्याशी तिचा संबंध नाही. दुसरा गैरसमज १५जी फॉर्मचा. तो भरून दिला की कर कापत नाहीत, हे खरे. पण कंपनीला आणि भागीदारी पेढीला तो भरताच येत नाही. कमी दराने कर कापून हवा असेल तर कलम १९७ खाली आयकर खात्याकडून दाखला आणावा लागतो. तिसरा खास आपल्या भागातला. सहकारी बँकांशी इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले. "आम्ही बँकेचे सभासद आहोत, सभासदाच्या व्याजावर कर नसतो" ही समजूत त्यातूनच आली. सहकारी बँका सभासदांच्या ठेवींवर पूर्वी टीडीएस कापत नसत, आणि १ जून २०१५ पासून त्या कापतात. कर तेव्हाही लागू होता. कापला जात नव्हता, एवढेच.

तिसरा मुद्दा सगळ्यात धूर्त: "सीसीवर साडेदहा टक्के देतो, एफडीवर सात मिळतात, हिशेब तोट्याचाच आहे, मिळालेले दिलेल्यातून वजा करून टाका." मालकाच्या डोक्यात हा एकच बँकेशी असलेला एकच हिशेब असतो. आयकर कायद्याच्या डोक्यात ते दोन असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये डॉ. गोपीनाथन यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. त्यांनी आपल्याच मुदत ठेवीवर कर्ज काढले होते आणि ठेवीच्या व्याजातून कर्जाचे व्याज वजा मागितले होते. न्यायालयाने म्हटले, ठेवीचे व्याज पूर्ण करपात्र. ते मिळवण्यासाठी केलेला खर्च असेल तरच वजा होईल, आणि कर्ज ही ठेव मिळवण्यासाठी काढलेले नव्हते. कंपनीच्या बाबतीत सीसीचे व्याज धंद्याचा खर्च म्हणून वेगळे वजा होतेच, त्यामुळे चालू वर्षात एकूण उत्पन्नात बहुधा फरक पडत नाही. मग दोन्ही पूर्ण दाखवायला अडचण कसली? निव्वळ फरक दाखवला, तर बँकेने कळवलेल्या आकड्याशी मेळ बसत नाही, आणि नफ्या-तोट्याच्या पत्रकात "इतर उत्पन्न" कोरे राहते, जे कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीलाही धरून नाही.

एक पळवाट तर उघड धोक्याची आहे. चालू खात्यावर व्याज मिळत नाही. कंपनीला बचत खाते सहसा उघडताही येत नाही. म्हणून काही संचालक कंपनीचे पडून असलेले पैसे स्वतःच्या बचत खात्यात फिरवतात. "घरचेच पैसे आहेत, इथून तिथे गेले," असे म्हणतात. कंपनीचे पैसे घरचे नसतात. ज्याच्याकडे दहा टक्के किंवा अधिक मताधिकार आहे अशा भागधारकाला खाजगी कंपनीने कर्जाऊ दिलेली रक्कम, कंपनीकडे साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत, कलम २(२२)(ई) खाली त्याचा लाभांश मानली जाऊ शकते. संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम १८५ ची बंधने वेगळीच. काही हजारांचे व्याज वाचवायला जाऊन अख्खी मुद्दल कराच्या तोंडी द्यायची, याला काय म्हणायचे?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. कारण व्याज लपवणारा मालक जितका चुकतो, तितकाच त्याचा सल्लागारही चुकतो, फक्त उलट्या दिशेने. बहुतेक कार्यालयांत ठरून गेले आहे: व्याज दिसले की ते "इतर स्रोतांतून उत्पन्न". आयटीआर-६ मध्ये धंद्याच्या अनुसूचीतून ते वगळायचे आणि इतर स्रोतांच्या अनुसूचीत घालायचे. घाईत एकीकडून वगळले आणि दुसरीकडे घातलेच नाही, असेही होते, आणि घातले पण वगळले नाही म्हणून एकाच रकमेवर दोनदा कर बसला, असेही होते. पण त्याहून मोठा दोष हा की, हे व्याज मुळात कुठून आले, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

शीर्षकाने काय बिघडते, ते पाहा. समजा कंपनीचा मागचा धंद्यातला तोटा दहा लाख आहे. यंदा धंद्यात तीन लाख नफा, व्याज १,४०,०००. पुढे ओढलेला तोटा कलम ७२ नुसार आठ वर्षांपर्यंत, पण फक्त धंद्याच्याच उत्पन्नातून वजा होतो. व्याज इतर स्रोतांत गेले, तर दहा लाखांचा तोटा शिल्लक असूनही कंपनीला ३५,२३५ कर भरावा लागतो. व्याज धंद्याचे ठरले, तर कर शून्य. (तोटा शिल्लक घसाऱ्याचा असेल तर गोष्ट वेगळी, तो इतर शीर्षकांतूनही वळता होतो. म्हणून तोट्याचे दोन कप्पे वेगळे ठेवणे हे सल्लागाराचे पहिले काम.) जी कंपनी १ ऑक्टोबर २०१९ रोजी किंवा त्यानंतर स्थापन होऊन ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादनात उतरली आणि जिने कलम ११५बीएबीचा १५ टक्क्यांचा दर घेतला, तिच्यासाठी फरक आणखी ठळक आहे. उत्पादनातून न आलेल्या आणि उत्पादनाला आनुषंगिकही नसलेल्या उत्पन्नावर तिला १५ ऐवजी २२ टक्के लागतात, आणि त्या उत्पन्नातून कसलाही खर्च वजा मिळत नाही.

न्यायालये यावर काय म्हणतात? तुतिकोरिन अल्कली केमिकल्स या तमिळनाडूतल्या कंपनीने कारखाना उभा राहत असताना कर्जाऊ घेतलेले पैसे थोड्या मुदतीसाठी ठेवीत टाकले. व्याज आले २,९२,४४०. कंपनी म्हणाली, हे उभारणीच्या खर्चातून वजा करा. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: रिकामा पैसा ठेवला, त्यावर व्याज मिळाले, ते इतर स्रोतांतले उत्पन्न. सल्लागार हाच निकाल तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण पुढे कर्नाल सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने वेगळे मत दिले. तिथे यंत्रसामग्रीसाठी लेटर ऑफ क्रेडिट उघडायचे म्हणून ठेव ठेवावी लागली होती. तिचे व्याज यंत्राच्या खरेदीशी जोडलेले, म्हणून ते उत्पन्न न ठरता यंत्राच्या किमतीतून वजा झाले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने लोक होल्डिंग्ज या बांधकाम व्यावसायिकाच्या बाबतीत, सदनिका घेणाऱ्यांनी दिलेल्या आगाऊ रकमांवर मिळालेले व्याज धंद्याचेच उत्पन्न धरले. बदलापुरात टोलेजंग इमारती उभारणाऱ्या कंपन्यांपैकी किती जणांच्या सल्लागारांनी हा निकाल वाचला असेल?

या निकालांतून एक धागा निघतो. व्याज कुणी दिले यापेक्षा पैसा बँकेत का पडून होता, याला महत्त्व आहे. आता आपल्या टापूकडे पाहा. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांकडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ संमतीपत्राच्या अटींखाली बँक गॅरंटी मागते. बँक ती गॅरंटी फुकट देत नाही. मार्जिन म्हणून एफडी ठेवून घेते आणि त्यावर लिएन लावते. ही एफडी केली नाही तर गॅरंटी नाही, गॅरंटी नाही तर संमती नाही, आणि संमती नाही तर कारखाना बंद. वालधुनी आणि उल्हास नद्यांच्या काठी धंदा करणाऱ्याला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही. अशा ठेवीवरच्या व्याजाला "रिकामा पैसा कामाला लावला" म्हणायचे? माझ्या मते नाही. ते धंद्याच्याच पोटातून आलेले आहे आणि धंद्याचे उत्पन्न म्हणून मांडण्याची बाजू भक्कम आहे.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, ते झाकत नाही. पांडियन केमिकल्सच्या खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाकडच्या अनामत ठेवीवरचे व्याज औद्योगिक उपक्रमातून "प्राप्त झालेले" मानले नाही. वीज नसेल तर कारखाना चालत नाही, हे मान्य. पण व्याजाचा थेट उगम ठेव आहे, कारखाना नाही. तो खटला एका विशिष्ट वजावटीचा होता आणि तिथली भाषा अरुंद होती, हे लक्षात ठेवायला हवे. ११५बीएबीमध्ये "आनुषंगिक" हा जादा शब्द आहे, त्यामुळे तिथे थोडी जागा निघते. पण जागा आहे म्हणजे निकाल आपल्याच बाजूने लागेल, असे नाही. आणि जाता जाता: महावितरणही आपल्याकडच्या अनामतीवर व्याज देते आणि ते बिलातूनच वळते करते. अकाउंटंट बिलाची निव्वळ रक्कम वीजखर्चात टाकतो आणि व्याज वह्यांत दिसतच नाही. आयकराचा परतावा उशिरा आला तर त्यावर मिळणाऱ्या व्याजाचीही हीच गत. तेही करपात्र आहे आणि परताव्याच्या मुद्दलात मिसळून विसरले जाते.

म्हणून शीर्षकासाठी भांडायचे असेल तर कागद हाताशी हवेत. बँकेचे मंजुरीपत्र, ज्यात मार्जिनची अट लिहिलेली आहे. प्रदूषण मंडळाचे किंवा गिऱ्हाइकाचे पत्र, ज्यात गॅरंटी मागितली आहे. लिएनचा शिक्का असलेली एफडीची पावती. आणि ही ठेव कशासाठी, हे नोंदवणारा संचालक मंडळाचा ठराव, तोही ठेव करतानाच्या तारखेचा. सक्तीच्या ठेवी आणि खुशीने ठेवलेल्या ठेवी वेगवेगळ्या खात्यांत हव्यात. दोन्ही एकाच खात्यात कालवल्या की सक्तीच्या ठेवीची बाजूही बुडते. उरलासुरला पैसा सात टक्क्यांनी ठेवलेला असेल, तर तो सरळ इतर स्रोतांत दाखवा. तिथे तुतिकोरिनशी झुंजण्यात अर्थ नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद, जो उघड बोलला जात नाही: "एवढ्याशा रकमेकडे कोण बघतंय?" बघणारा माणूस लागतच नाही. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, कंपनीच्या पॅनवर बँकेने कळवलेले व्याज दाखवते. रिटर्नवर बंगळुरूच्या केंद्रात प्रक्रिया होते, आकारणी चेहराविरहित पद्धतीने होते. कल्याणच्या कार्यालयात ओळखीचा साहेब असण्याचा काळ सरला. वगळलेल्या उत्पन्नावर कलम २७०ए खाली कराच्या ५० टक्के दंड, आणि वह्यांत नोंदच न करणे हे चुकीचे कथन ठरले तर २०० टक्के. आपल्या उदाहरणात ३५,२३५ च्या करावर हा दंड साधारण साडेसतरा हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत जातो, शिवाय व्याज आणि मूळ कर. चूक झालीच असेल तर सुधारित रिटर्नची मुदत गेल्यावरही अद्ययावत रिटर्नचा मार्ग आहे. २०२५ पासून तो आकारणी वर्ष संपल्यावर चार वर्षांपर्यंत खुला आहे, पण जादा कर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७० असा चढत जातो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू करण्यात आला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले (या लेखातली आयकराची कलमे, नियम आणि फॉर्म जुन्या कायद्यातले आहेत), उत्पन्नाची पाच शीर्षके तीच राहिली. तेव्हा "नवा कायदा आला, जुने विसरा" हेही कुणाच्या कामाचे नाही.

कारखानदाराच्या तक्रारीत जे खरे आहे ते खरेच आहे. व्यक्तीला जुन्या करपद्धतीत बचत खात्याच्या व्याजावर कलम ८०टीटीएखाली दहा हजारांची वजावट मिळते. कंपनीला बचत खातेही नाही आणि वजावटही नाही. सरकारी मंडळाच्या मागणीवरून ठेव करायची, आणि तिच्या व्याजाला "इतर स्रोत" म्हणून धंद्याच्या तोट्यापासून तोडायचे, यात अन्याय आहे. गॅरंटीसाठी लिएन लावलेल्या ठेवीचे व्याज धंद्याचे उत्पन्न धरावे, असे प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रकाने सांगावे, ही मागणी आपल्या तिन्ही शहरांतल्या उद्योजक संघटनांनी अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनात घालायला हवी. ती मागणी करायला आधी आकडा हवा: किती कंपन्यांच्या किती ठेवी अशा अडकल्या आहेत आणि त्यावर किती व्याज चढते. जे व्याज रिटर्नमध्ये दिसत नाही, ते निवेदनात कुठल्या तोंडाने मांडणार?

तुतिकोरिन हरली, कर्नाल जिंकला, लोक होल्डिंग्ज जिंकली, पांडियन हरली. या चारांपैकी एकाही खटल्यात रक्कम लपवल्याचा आरोप हा वादाचा विषय नव्हता. रक्कम वहीत होती. ती कुठे बसते, कितीने कर लागतो, यावर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढता आले. ज्याने व्याज दाखवलेच नाही त्याच्यासाठी हा रस्ता पहिल्याच पायरीवर बंद होतो, कारण त्याला शीर्षकाचा वाद घालण्याआधी आपल्या प्रामाणिकपणाचा खुलासा द्यावा लागतो. यंदाचे रिटर्न भरण्याआधी बँकेकडून व्याजाचा दाखला मागवा, एआयएसशी ताडून पाहा, पूर्ण रक्कम धरा. आणि मग सल्लागाराला विचारा की यातले कोणते व्याज धंद्याचे म्हणून मांडता येईल आणि कोणत्या कागदाच्या आधारावर. "इतर स्रोतांत टाकून दिले" हे त्याचे उत्तर असेल, तर तेही मान्य करू नका.